तारखेला आलेला माणूस



वकिलांची परिषद नाणेघाटाच्या पायथ्याशी भरवलीत, याचा मला मनापासून आनंद आहे. इथून वर चढून गेलं की लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे. यज्ञात किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दिले, ते दोन हजार वर्षांपूर्वी आकड्यांसह कोरून ठेवलेलं आजही वाचता येतं. त्याच घाटाखाली नाचणी-वरई पिकवणाऱ्या किती ठाकर-कातकऱ्यांची नावं सातबाऱ्यावरून दोन पिढ्यांत निघून गेली! ती शोधायचं काम ज्याच्याकडे येतं, त्या तरुण वकिलाबद्दल आज बोलतो.

हा मुलगा किंवा ही मुलगी बहुधा घरातली पहिली वकील. सकाळची एसटी, सीनियरची बॅग, बोर्ड बघणं, पुरसिस लिहिणं, नकलेचा अर्ज, मुदतीचा अर्ज, आणि संध्याकाळी डायरीत पुढच्या तारखा. हातात पैसा जवळजवळ नाही. बाबासाहेब आंबेडकरांना 1923 साली सनद घ्यायला पैसे नव्हते. नवल भथेना या मित्राने ते दिले. शंभर वर्षांनी, 30 जुलै 2024 रोजी, सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की नोंदणीसाठी 750 रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून 125 रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत. त्याच ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियाने ग्रामीण भागातल्या ज्युनियरला महिना किमान 15,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती सक्ती नाही. म्हणूनच इथे बसलेल्या ज्येष्ठांना हात जोडून सांगतो, ज्युनियरला एसटीच्या भाड्यावर राबवू नका. पोट भरत नसलेला वकील गरिबाचा दावा फार काळ लढवू शकत नाही.

आता एका कलमाविषयी. आपल्यातल्या बऱ्याच तरुणांनी ते वाचलेलंही नसेल.

आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा 1974 चा कायदा तुम्हाला माहीत आहे. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीच्या हातून गेलेली जमीन तपासून त्याला परत द्यायची, असा तो कायदा. पुढे त्यात कलम 9-अ आलं. या कामात कोणत्याही पक्षाला वकील उभा करता येणार नाही! लिंगप्पा पोचन्ना यांच्या खटल्यात त्याला आव्हान दिलं गेलं आणि डिसेंबर 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा आणि हे कलमही उचलून धरलं. विचार सरळ होता. जमीन घेणारा मोठा वकील आणेल, आदिवासी एकटा उभा राहील, आणि झुंज बरोबरीची होणार नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही. कायदा करणाऱ्यांनी आपला धंदा पाहिला आणि आपण कुणाच्या बाजूला सापडू याचा अंदाज बांधला. तो अंदाज चुकीचा होता असं छातीठोकपणे म्हणायची माझी हिंमत नाही.

माझ्या वकिलीच्या तिसऱ्या वर्षातली, या कायद्याबाहेरच्या एका दाव्यातली गोष्ट. घाटाकडच्या एका पाड्यावरून एक ठाकर म्हातारा तारखेला यायचा. सडकेपर्यंत पायी, मग गाडी. फडक्यात भाकरी आणि वाटलेली मिरची. एकदा साहेब रजेवर होते. पुढच्या वेळी समोरच्यांनी मुदत घेतली. त्याच्या पुढच्या वेळी मी घेतली, कारण माझी तयारी झालेली नव्हती. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "काय झालं वकीलसाहेब?" मी तारीख सांगितली. तो बोटांवर मोजत राहिला आणि म्हणाला, "ती तर आवणीत येते." एवढंच. रागावला नाही. पण त्या दिवशी मी मुदत कुणाच्या खिशातून घेतली होती ते मला कळलं. तेव्हापासून तारीख मागण्याआधी शेतात काय चाललंय हे मी पक्षकाराला विचारतो. तुम्हीही विचारा.

त्याच्याच कामात मी फेरफार वाचायला शिकलो. सातबारा सगळेच काढतात, फेरफारापर्यंत थोडेच जातात. महसुली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, म्हणून ती कशी झाली हे खोदावंच लागतं. म्हाताऱ्याच्या थोरल्या भावाच्या अंगठ्यावर नोंद मंजूर झालेली. मी तारीख वहीत उतरवून घेतली आणि मग जन्म-मृत्यूची नोंदवही मागितली. तो भाऊ त्या अंगठ्याच्या आधीच्या शिमग्यात वारला होता. त्या दोन कागदांनी दाव्याची दिशा बदलली. कुठल्याही पुस्तकात हे मिळालं नसतं.

कागदच नसेल तर? 2006 च्या वनहक्क कायद्याने तिथेही वाट ठेवली आहे. दावेदाराखेरीज गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं सांगणं त्यात पुरावा म्हणून चालतं. हा ऐन, तो ओहळ, पलीकडे मोहाची दोन झाडं, अशी हद्द म्हातारी माणसं बसल्या जागी सांगतात. त्यांच्या बोलीत, घाई न करता ते लिहून घ्यायला वकिलाचे कान लागतात. आणि विधी सेवा कायद्याच्या 12 व्या कलमाप्रमाणे आदिवासीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका समितीकडून आलेली फाईल कमी पैशाची म्हणून कपाटात तळाला ठेवू नका.

बाहेर ओसरीवर वैशाखरे पंचक्रोशीतले लोक सकाळपासून पिशव्यांत कागद घेऊन बसले आहेत. जेवणं नंतर होतील. प्रत्येक ज्येष्ठाने एका नव्या वकिलाला शेजारी घ्यावं, कागद त्याच्या हातात द्यावा, आणि आधी त्याला वाचू द्यावं. चला, बाहेर जाऊ.