पहिलीतले मूल गप्प का बसते?

(मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



जून महिना आला की आपण पाड्यांवरच्या मुलांसाठी वह्या, दप्तरे आणि कपडे गोळा करतो. आपण हे प्रेमाने देता, त्याबद्दल देवाचे आभार. आज मात्र मला दप्तरात न मावणाऱ्या गोष्टीविषयी बोलायचे आहे. ती म्हणजे मुलाची भाषा.

धुळे जिल्ह्यातील शिरपूर आणि जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत सातपुड्याच्या कुशीत पावरा, बारेला आणि भिल्ल कुटुंबे राहतात. घरात पावरी किंवा भिलोरी, बाजाराच्या दिवशी थोडी अहिराणी. सहा वर्षांचे मूल पहिलीत येते, तेव्हा पुस्तकातली मराठी त्याच्या कानाला जवळजवळ परकी असते. पावऱ्यांची घरे आपापल्या शेतात लांबलांब असतात, त्यामुळे एका खोलीत तीस-चाळीस मुलांमध्ये बसणेही त्याला नवे असते.

हजेरीत नाव पुकारले तरी ते "हजर" म्हणत नाही, कारण घरी त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारतात. लघवीला जायचे तर मराठीत विचारायचे कसे, हे ठाऊक नसते. बसल्या जागी चड्डी ओली होते, मुले हसतात आणि दुसऱ्या दिवशी ते शेळ्यांमागे निघून जाते. आईबाप म्हणतात, "त्याला शाळा आवडत नाही." गुरुजी म्हणतात, "मूल बोलतच नाही." दोघांचेही खरे असते. पण यावरून मूल मठ्ठ आहे असे कोणी ठरवले, तर तो त्या लेकरावर अन्याय आहे.

एका पाड्यावरची मुलगी ऑगस्टपर्यंत वर्गात एक शब्दही बोलली नव्हती. शाळेत खिचडी शिजवणारी बाई पावरा होती. एके दिवशी तिने मुलीला पावरीत विचारले, "तुमच्याकडे शेळ्या किती?" मुलीने एकेका शेळीचे नाव घेत बोटांवर अकरा मोजल्या. गुरुजींनी तिथेच खडूने ११ लिहून दाखवले. त्या दिवशी तिला पहिला आकडा समजला. अकरा काय, हे तिला आधीच माहीत होते. तिच्या आणि फळ्याच्या मध्ये एक माणूस हवे होते, एवढेच.

हे काही नवे ज्ञान नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आपल्या राज्यघटनेचे कलम ३५०-अ मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास सांगते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदाही शक्य तेथे मातृभाषेतूनच शिकवा, असे म्हणतो.

आणि आपण तर पेन्टेकॉस्टचा सण पाळणारे लोक. त्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या परदेशी लोकांना आधी गालीली भाषा शिकून या, असे कोणी सांगितले नाही. प्रत्येकाला देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकू आली. मग सहा वर्षांच्या लेकराकडून आपण जास्त अपेक्षा का करावी?

वेळही थोडा असतो. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. तोवर मुलाला शाळेची गोडी लागली असेल, तर ते आजीजवळ मागे राहायला तयार होते. नसेल, तर ते बिऱ्हाडासोबत जाते आणि पुढच्या जूनमध्ये त्याला पुन्हा शाळेत बसवणे फार कठीण होते.

म्हणून तीन विनंत्या करतो. पहिली, पाड्यावरचीच दहावी-बारावी झालेली एक मुलगी, गुरुजींच्या संमतीने, जून ते दिवाळी पहिलीच्या वर्गात बसावी. तिच्या मानधनासाठी आपले अर्पण द्यावे. दुसरी, आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांच्या संध्याकाळच्या जेवणाचा भार काही कुटुंबांनी उचलावा. तिसरी विनंती पैशांची नाही. पाड्यावर येताना पावरीतले दहा शब्द शिकून या. आपण चुकलो की मुले हसतील. हसू द्या. त्या दिवशी ती आपले गुरुजी होतील.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.