केंद्रकातील शेजार: जनुकांचे प्रतिलेखन कोठे आणि कसे होते

मानवी पेशीच्या केंद्रकाचा व्यास साधारणपणे 6 ते 10 मायक्रोमीटर, म्हणजे फार तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो, आणि त्यात 46 गुणसूत्रांचा मिळून सुमारे 2 मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या अवस्थेत सामावलेला असतो. डीएनए आणि प्रथिने यांच्या या एकत्रित द्रव्याला क्रोमॅटिन म्हणतात. जनुकातील मजकुराची आरएनएच्या रूपात नक्कल उतरवणे म्हणजे प्रतिलेखन, आणि हे काम आरएनए पॉलिमरेज ही विकरे करतात. अनेकांनी शाळेच्या पुस्तकात पाहिलेल्या आकृतीत डीएनएचा सरळ धागा आणि त्यावरून सरकणारे विकर असते. ती आकृती रासायनिक क्रिया समजावण्यास पुरेशी असली, तरी एवढ्या दाटीत ते काम नेमके कोठे आणि कोणाच्या शेजारी चालते, याविषयी ती काहीच सांगत नाही.

गुणसूत्रे केंद्रकात एकमेकांत मिसळून न जाता आपापला भाग राखून असतात, अशी कल्पना कार्ल राब्ल यांनी 1885 मध्येच मांडली होती. पुढे थिओडोर बोव्हेरी यांनी तिला बळ दिले, पण नंतर ती बराच काळ मागे पडली. थॉमस आणि क्रिस्टोफ क्रेमर या जर्मन बंधूंनी 1980 च्या सुमारास जंबुपार किरणांच्या अतिसूक्ष्म झोताने केंद्रकाचा एक लहानसा भाग इजाग्रस्त केला आणि नंतर कोणकोणत्या गुणसूत्रांना इजा पोचली, ते तपासले. डीएनएचे धागे सर्वत्र पसरलेले असते, तर इजा थोडीथोडी सर्वच गुणसूत्रांत आढळायला हवी होती. प्रत्यक्षात ती मोजक्याच गुणसूत्रांत आढळली.

गुणसूत्रे अशी आपापल्या भागात राहत असली, तरी प्रतिलेखनासाठी दूरदूरची जनुके एकत्र येऊ शकतात, आणि याचे सर्वांत ठळक उदाहरण साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसते. केंद्रिका हा केंद्रकातील गडद गोळा म्हणजे रायबोसोमला लागणाऱ्या आरएनएच्या निर्मितीची जागा होय, आणि माणसात या आरएनएची जनुके 13, 14, 15, 21 आणि 22 या क्रमांकांच्या गुणसूत्रांवर विखुरलेली असूनही त्यांचे प्रतिलेखन तेथेच होते.

इतर बहुसंख्य जनुकांबाबतही असेच घडते काय, हा प्रश्न अधिक वादाचा ठरला. ऑक्सफर्डचे पीटर कुक आणि त्यांचे सहकारी यांनी 1993 मध्ये पेशींना आरएनएचा खूण केलेला घटक पुरवून ताजा आरएनए कोठे तयार होतो ते पाहिले, तेव्हा तो केंद्रकभर सारखा पसरलेला न दिसता काही शे ठिपक्यांत एकवटलेला दिसला. या ठिपक्यांना प्रतिलेखनाचे कारखाने असे नाव मिळाले. कुक यांचे म्हणणे याहून धीट होते: विकर डीएनएवरून धावत नाही, तर ते कारखान्यात जखडलेले राहते आणि डीएनएच त्याच्यातून ओढला जातो. मात्र 2013 मध्ये जिवंत मानवी पेशींत पॉलिमरेजच्या रेणूंचा माग घेतला गेला, तेव्हा त्यांचे पुंजके सरासरी अवघे काही सेकंद टिकतात असे आढळले. काही सेकंदांत पांगणाऱ्या जमावाला कारखाना म्हणणे अवघडच आहे. डिस्ट्रॉफिन या स्नायूंतील प्रथिनाचे जनुक सुमारे 22 लाख क्षारक-जोड्यांचे असून त्याचे एक प्रतिलेखन पुरे व्हायला सुमारे 16 तास लागतात, हे लक्षात घेतले, तर असे पुंजके प्रतिलेखन सुरू होतानाच्या धांदलीशी निगडित असावेत, संपूर्ण प्रतिलेखनाशी नव्हे, हा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो.

केंद्रकाच्या कडेला घट्ट, निष्क्रिय क्रोमॅटिन आणि आतल्या बाजूला सैल, क्रियाशील क्रोमॅटिन, अशी मांडणी बहुतेक पेशींत दिसते, आणि त्यावरून कडेला ढकलले गेलेले जनुक आपोआप बंद पडते असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. या मोहाला उंदराच्या डोळ्याने चांगलाच छेद दिला आहे. दृष्टिपटलातील शलाका पेशी, ज्या मंद प्रकाशात पाहण्याच्या कामी येतात, त्यांच्या केंद्रकांत जन्मानंतरच्या काही आठवड्यांत ही मांडणी संपूर्ण उलटी होते: घट्ट क्रोमॅटिन मध्यभागी गोळा होते आणि सैल क्रोमॅटिन कडेला सरकते. अशा केंद्रकातून प्रकाश भिंगातून जावा तसा जातो आणि कमी विखुरतो, असे 2009 मध्ये दाखवले गेले. रात्री हिंडणाऱ्या सस्तन प्राण्यांत ही रचना आढळते, दिवसा वावरणाऱ्यांत आढळत नाही. इतकी उलथापालथ होऊनही या पेशींची जनुके आपले काम करीत राहतात, तेव्हा मध्य आणि कड यांपेक्षा कोणाला कोणाचा शेजार लाभतो यालाच अधिक वजन द्यावे लागते.

सॉनिक हेजहॉग हे जनुक या शेजाराचे मासलेवाईक उदाहरण आहे. हातापायांच्या घडणीच्या वेळी हे जनुक कोठे चालू करायचे, हे डीएनएचा जो छोटा तुकडा ठरवतो, तो त्याच्यापासून सुमारे 10 लाख क्षारक-जोड्या दूर आणि तोही दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात असतो. अशा तुकड्यांना वर्धक म्हणतात. या वर्धकातील एकाच क्षारकाच्या बदलाने माणसाला अंगठ्याच्या बाजूस जादा बोट येऊ शकते. उंदरातून तो काढून टाकला, तर जनुक स्वतः शाबूत असूनही पाय खुंटतात, आणि त्याच्या जागी सापाचा तसाच तुकडा बसवला तरीही जवळजवळ तेच होते. मधल्या डीएनएचे वेटोळे पडून वर्धक जनुकाजवळ येतो, ही यामागची सर्वमान्य उपपत्ती आहे, आणि वाढत्या पायाच्या पेशींत दोन्ही खरोखरच निकट आढळतात. परंतु चेतापेशींच्या पूर्वज पेशींत हेच जनुक आपल्या दुसऱ्या वर्धकांमुळे चालू होते, तेव्हा 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार ते वर्धक आणि जनुक यांच्यातील अंतर कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले.