‘साधं टाकू की पॉवर?’

गटाच्या बैठकांना गेलो की हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते, गाडी पूर्वीसारखं अ‍ॅव्हरेज देत नाही. आणि पंपावर विचारतात, “ताई, साधं टाकू की पॉवर?” पॉवर म्हटलं की वाटतं, गाडी चढ सहज चढेल. लिटरमागे जास्तीचे पैसे मोजण्याआधी हे प्रकरण काय आहे ते बघूया.

इंजिनात पेट्रोलची वाफ हवेत मिसळते आणि दट्ट्या ते मिश्रण दाबतो. दाबलं की तापतं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं, तसंच. हे मिश्रण प्लगची ठिणगी पडल्यावरच पेटायला हवं. पण कधीकधी त्यातलं थोडं नुसत्या दाबानं आणि उष्णतेनं आपणहून पेट घेतं. मग चढावर खडखड आवाज येतो. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. फार दिवस चाललं तर दट्ट्या खराब होतो. पेट्रोल असा दाब किती सोसतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. म्हणजे हा आकडा सोशिकपणाचा, जोराचा नव्हे! साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या स्कूटीत जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल घालून पिकअप वाढत नाही. ज्या गाडीला ते लागतं, तिच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं.

आता अ‍ॅव्हरेजचं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, त्याला ई-२० म्हणतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पंपांवर यायला लागलं. उसाची मळी, उसाचा रस, मका, तांदळाची कणी यांपासून ते बनतं. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच जास्त, म्हणजे सोशिकपणा वाढतो. पण लिटरमागे उष्णता सुमारे एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातला अंदाज असा, की आधीच्या इंधनासाठी बनवलेल्या दुचाकीचं अ‍ॅव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल, चारचाकीचं ६ ते ७ टक्के. समजा, स्कूटी लिटरला ४५ किलोमीटर जात होती, तर आता ४३ जाईल. महिन्याला ९०० किलोमीटर फिरणाऱ्या बाईला साधारण पाऊण ते एक लिटर जास्त लागेल. त्याहून खूप जास्त घट दिसत असेल, तर दोष इथेनॉलवर ढकलू नका. चाकातली हवा, एअर फिल्टर आणि प्लग तपासून घ्या.

ऊस लावणाऱ्या घरात कारखान्याकडून थोडं आलं आणि टाकीतून थोडं गेलं, असा हिशेब जमतो. ज्यांच्याकडे ऊसच नाही, त्यांचं नुसतं जातं. हेही बोललं पाहिजे.

जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना जास्त जपावं लागतं. इथेनॉलमुळे त्यांचं हवा-पेट्रोलचं प्रमाण थोडं बिघडतं, सकाळी गाडी लवकर चालू होत नाही. रबरी नळ्या, वॉशरही हळूहळू खराब होतात. सर्व्हिसिंगला त्या नळ्या बघायला सांगा. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग ई-२० सोसतील असे असतात.

आणखी एक. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ना, तसं इथेनॉलही हवेतली ओल ओढतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि गाडी धक्के खात बंद पडते. म्हणून टाकीचं झाकण घट्ट ठेवा, गाडी महिनोन्‌महिने तशीच उभी ठेवू नका. रस्त्याकडेला बाटलीतून विकतात ते पेट्रोल तर शक्यतो टाळाच. ते कधीचं, त्यात ओल किती, रॉकेल किती, कोण सांगणार? रॉकेलचा ऑक्टेन फार कमी, त्यानं इंजिन ठोकायला लागतं.

पंपावर शंका आली तर फिल्टर पेपर मागा. तो मागायचा आपल्याला हक्क आहे. नोझल पुसून पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाकायचा. दोनेक मिनिटांत उडून गेला आणि डाग राहिला नाही, तर ठीक. डाग राहिला तर भेसळीचा संशय धरायचा आणि तिथलं तक्रारपुस्तक मागायचं. माप कमी वाटलं तर पाच लिटरच्या मापात ओतून दाखवायला सांगा, तेही पंपावर ठेवावंच लागतं.