इंजेक्शनचं त्रैराशिक
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



माझी ओळख 'नर्सिंगच्या शिक्षिका' अशी करून दिली गेली. पण खरं सांगू का, माझा बराचसा वेळ गणित शिकवण्यातच जातो. जीएनएमला कला शाखेतूनही मुली येतात. दहावीनंतर गणित सुटलं म्हणून त्यांनी हुश्श केलेलं असतं, आणि इथे ते पुन्हा समोर उभं राहतं. डॉक्टरांनी लिहिलेला डोस भागिले हातातल्या औषधाची ताकद, गुणिले मिली. म्हणजे आपलं शाळेतलं त्रैराशिकच. तिथे चुकलं तर फक्त मार्क जायचे.

एक उदाहरण देते. १० किलोचं मूल, ताप आलेला. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅम. हे सगळ्यांना जमतं. पण सिरप ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं आहे की २५०चं? पहिलं असेल तर ६ मिली द्यायचं, दुसरं असेल तर ३. तान्ह्यांच्या थेंबांत १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतात. त्यातलं दीड मिली पुरतं. औषध तेच, मूल तेच.

फळ्यावर मी एकच गणित घालते, पुढच्या बाकावरची मुलगी उत्तर देते आणि बाकीच्या ते उतरवून घेतात. संगणकावर प्रत्येकीला वेगळे आकडे येतात. पडद्यावर बाटलीचं लेबल दिसतं, त्यावरची ताकद आपणच शोधायची, मग माउसने सिरिंजचा दट्ट्या ओढून योग्य रेघेवर थांबवायचा. इन्सुलिनसाठी तर हे फारच उपयोगी. आपल्याकडे मिलीला ४० युनिटचं आणि १०० युनिटचं, दोन्ही मिळतं, आणि सिरिंजही वेगवेगळ्या. ४०च्या सिरिंजमध्ये १००चं इन्सुलिन भरलं, तर रेघ २० दाखवते आणि पेशंटला जातात ५० युनिट! पडद्यावर हे एकदा घडलेलं पाहिलं की मुली विसरत नाहीत. शिवाय विसाव्यांदा चुकलं तरी संगणक आवाज चढवत नाही. (हा गुण आपल्या काही गुरुजनांत नव्हता, क्षमा असावी!)

तरी माझी एक अट असते. उत्तर टाइप करण्याआधी वहीत अदमास लिहायचा. एक मिलीपेक्षा कमी की जास्त? अर्धी गोळी की दोन? दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो, आणि चुकीचे आकडे दिले तर कॅल्क्युलेटर त्यांचाच हिशेब बिनचूक करून देतो. ०.५ऐवजी ५ मिली उत्तर आलं, तर 'एवढं औषध दंडात टोचतात का?' हे मुलीलाच सुचायला हवं. आपल्याला ती सवय तोंडी हिशेबाच्या तासाला लागली. माझ्या विद्यार्थिनींना ती लावताना मला संगणकापेक्षा त्या तासाचाच जास्त आधार वाटतो.

जाता जाता एक विनंती. इथले बरेच जण आता आजी-आजोबा झाले आहेत. नातवंडाचं औषध घरातल्या चमच्याने देऊ नका, बाटलीबरोबरचं माप वापरा. आणि बाटली नवी आणली, की ५ मिलीत किती मिलिग्रॅम ते चष्मा लावून वाचा.