करसवलत कोणत्या वृद्धांना?



अर्थसंकल्पात वृद्धांना करसवलत मिळाली की वर्तमानपत्रे मोठे मथळे देतात. ती कोणत्या वर्गातील वृद्धांच्या पदरात पडते, हा प्रश्न मात्र मथळ्यात नसतो.

घरभाड्याचेच पाहा. घरभाडे भत्ता न मिळणाऱ्याला भाड्यापोटी उत्पन्नातून वजावट देणारे ८० जीजी हे कलम १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात होते. निवृत्त माणसाला भत्ता कुठला? तेव्हा ही तरतूद त्याच्याच सोयीची वाटावी. २०१६ साली तिची मर्यादा महिना ५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६०,००० झाली. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील निवृत्त अधिकाऱ्याचे त्यामागे १८,००० रुपये वाचत. कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराचे काय? २०१४ साली भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन ठरले महिना १,००० रुपये. ज्याला करच लागत नाही, त्याच्या हाती वजावटीचे शून्यच येणार. भाडे मात्र त्याला पूर्ण भरावे लागते. २०२० साली आलेल्या नव्या करपद्धतीत तर भाड्याची ही वजावटही ठेवलेली नाही आणि वृद्धांसाठी वेगळी करमुक्त मर्यादाही नाही.

घरपट्टीची गोष्ट थोडी निराळी आहे. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. लहान घरात राहणाऱ्या वृद्ध मालकाला हा खरा दिलासा होय, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु घरमालकाचा कर माफ झाला म्हणून भाडेकरू विधवेचे भाडे आपोआप उतरत नाही.

भांडवलशाहीचा बालेकिल्ला असलेल्या अमेरिकेतही याहून बरा विचार झालेला आहे. विस्कॉन्सिन राज्याने १९६४ साली, प्रारंभी ६५ वर्षांवरील अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी, घरपट्टीचा काही भाग परत देण्याची योजना केली. भाड्याचा काही हिस्सा घरपट्टीच समजून भाडेकरूंनाही तीत घेतले. प्राप्तिकर लागत नसला तरी परताव्याची रक्कम हाती पडते. घरमालकाच्या भाडेवाढीला अर्थातच तिथे कुणी हात लावला नाही!

म्हणून निवृत्त कामगारांच्या मागणीपत्रात नुसती करमुक्त मर्यादा वाढविण्याचे कलम पुरणार नाही. भाड्याचा परतावा रोख मिळावा, तो निवृत्तिवेतनाच्याच खात्यात जमा व्हावा, आणि त्यासोबतच भाडेवाढीवर कायद्याने मर्यादा असावी, अशी मागणी हवी. भाड्याची पावती न देणाऱ्या मालकांचा प्रश्नही आताच हाती घ्यावा लागेल. पावतीवाचून वृद्ध भाडेकरू कोणत्याही योजनेच्या दारातच अडेल.