कोठीतील कीड आणि विषारी गोळ्या

भगिनींनो, साठवणीच्या मुगा-चवळीवर पांढरे ठिपके दिसले की ती भुंग्याची अंडी समजावी. अशा कडधान्यास कडक ऊन द्यावे, पूर्ण निवू द्यावे, आणि मग किलोला चमचाभर एरंडेल चोळावे. तेलाच्या थराखाली अंडी गुदमरतात. आजीला कारण ठाऊक नव्हते. कृती मात्र अचूक होती!

परंतु धान्यात ठेवावयाच्या त्या ३ ग्रॅमच्या करड्या विषारी गोळ्या कोणी कितीही आग्रहाने दिल्या तरी घरात आणू नयेत. दमट हवा लागताच त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. शेजारच्या खोलीत निजलेले मूलही त्याने दगावू शकते. घरात सडक्या मासळीसारखा वा लसणीसारखा वास आला, तर डबा शोधीत बसू नका. मुलांना उचला आणि आधी बाहेर पडा.