पोलादाचं पाणी : गरम डाय का झिजते?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



गणपतीच्या मांडवात पोलादावर बोलायचं म्हटल्यावर आम्ही जरा बिचकलो होतो. पण समोर बसलेल्यांपैकी कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी उद्यमबागेत कामाला आहे, तेव्हा विषय घरचाच.

फोर्जिंगमध्ये पोलादाचा तुकडा साधारण ११५० ते १२५० अंश सेल्सिअसला तापवतात आणि हॅमरखाली वरच्या-खालच्या डायमध्ये ठोकून आकार देतात. डायही पोलादाचीच! एकानं लोण्यासारखं वाहायचं आणि दुसऱ्यानं त्याच आगीत कडक राहायचं.

आपल्याकडे लोहार विळ्याला पाणी देतो. तोच विळा चुलीत पडला तर त्याचं पाणी उतरतं, धार टिकत नाही. डायचं दुखणं हेच. झिजेचा ढोबळ नियम आर्चर्ड यांनी १९५३ साली मांडला : दाब आणि घसरण्याचं अंतर वाढलं की झीज वाढते, काठिण्य वाढलं की कमी होते. पण आपण काठिण्य मोजतो थंड डायचं, टेबलावर. झीज होते लाल जॉब टेकलेला असताना. त्या वेळी डायची वरची कातडी ६०० अंशांच्याही वर जाऊ शकते. जॉब डायमध्ये जितका रेंगाळेल तितकं पाणी लवकर उतरणार. मग जॉबवरची खपली कानशीसारखी तिला खरवडते. सगळ्यात आधी जातात ते कोपरे, जिथून जादा माल फ्लॅशमध्ये पळतो.

म्हणून एच-१३ सारखं पोलाद वापरायचं. त्यात क्रोमियम सुमारे ५ टक्के, मॉलिब्डेनम सव्वा ते दीड, व्हॅनेडियम १ टक्का. टेंपरिंगमध्ये मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमचे अतिसूक्ष्म कार्बाइड तयार होतात आणि ते गरमीतही पोलादाला लवकर मऊ पडू देत नाहीत. तरुण मुलं विचारतात, मग डाय आणखी कडक का करत नाही? कारण फार कडक डाय झिजण्याआधी तडकते. आत गरम, वरून फवाऱ्यानं गार, असं हजारो वेळा झालं की तिच्यावर आटलेल्या तळ्यासारख्या भेगा पडतात. त्यावर नायट्रायडिंग हा चांगला तोडगा : पोटात चिवटपणा राहतो आणि वर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी कातडी अतिशय कठीण होते. ती गेली की मात्र झीज झपाट्यानं होते, म्हणून डाय वेळेत उतरवायची.

आमच्या मते महागडं पोलाद आणूनही निम्मं आयुष्य हीट ट्रीटमेंटवाल्याच्या हातात असतं. दोनदा टेंपरिंग सांगावं आणि एकदाच होऊन यावं, हे आम्ही सोसलं आहे. कागदावर मात्र दोनदा! हल्ली आम्ही चार्ट मागतो.

दुसरी गोष्ट, सकाळची घाई. डाय २०० ते ३०० अंशांपर्यंत तापवून मगच पहिला घाव घालायचा असतो. गिऱ्हाईक दर पाडतं, पाळी उशिरा सुरू होते, आणि कुणीतरी म्हणतं, चालतंय, घ्या. थंड डाय फुटली तर ऑर्डर जाते हे खरं, पण तिचा उडालेला तुकडा समोर कोण उभं आहे ते बघत नाही. आमच्या शॉपमध्ये आता तापमानाचा खडू लावून बघितल्याशिवाय हॅमरवाला हात लावत नाही, मालक समोर उभा असला तरी.